विषय : सैनिकांच्या आयुर्मानाबाबत

काकांना मी एकदाच फसवलं. चार ओळींत, तेही इंग्रजीत. बाकीची चार वर्षं मी त्यांचा अगदी सज्जन भाडेकरू होतो. जिन्यात चपला वाजवल्या नाहीत, गच्चीवरच्या टाकीचं झाकण उघडं ठेवलं नाही. पण आज काका आठवले की माझं सज्जनपण कुठल्या कुठे जातं आणि त्या चार ओळी तेवढ्या समोर येऊन बसतात.

काकांना आयुष्यात एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. औषध देऊन वाढवलेला माणूस किती वर्षं जगतो? प्रश्न त्यांच्या स्वतःच्या मुलाबद्दलचा होता. तो कुणाला सरळ विचारायची त्यांची छाती झाली नाही, म्हणून त्यांनी तो माझ्या कॉम्प्युटरवरच्या गेममधल्या सैनिकांच्या नावाने विचारला. आणि मी थट्टेत उत्तर दिलं. मुलाचं मला तेव्हा ठाऊक नव्हतं, ही माझी एकुलती एक सबब. ती मी इतक्यांदा स्वतःला सांगितली आहे की आता तिच्यात काही दम उरलेला नाही.

काका शेतकी खात्यातून निवृत्त झालेले. मूळचे निफाडकडचे, तिकडे दीड एकर द्राक्षबाग, आणि नाशकात पंचवटीत दोन मजल्यांचं घर. वरच्या खोलीत मी. काकांची उंची पाच फूट दोन इंच, शर्टाच्या खिशात घडीचं भिंग आणि एक पुठ्ठ्याची पट्टी. पट्टीला वेगवेगळ्या मापांची भोकं पाडलेली. द्राक्षाचा मणी कुठल्या भोकातून जातो यावरून त्याचं माप कळतं म्हणे. पण काका त्या भोकांतून वाटाणे, बोरं, आणि एकदा माझ्या शर्टाचं बटणसुद्धा घालून बघताना मी पाहिलंय.

पहिल्या भेटीत त्यांनी माझा हात हातात घेतला तो सोडेचनात. मला वाटलं, काय प्रेमळ माणूस आहे. नंतर लक्षात आलं की दुसऱ्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघत ते माझी नाडी मोजत होते.

"ब्याऐंशी. जरा जास्त हाय. जिना चढून आलात ना मास्तर, म्हणून."

मी कॉलेज रोडवरच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत असे, म्हणून 'मास्तर'. वय तेवीस. मला मास्तर म्हणणारे जगात ते एकटेच, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं.

अंगणात त्यांनी द्राक्षाचा एक वेल लावला होता. बागेत ते सगळ्यांसारखेच वागत. घड मगातल्या औषधात बुडवायचे, म्हणजे मणी फुगतो. त्या औषधाला तिकडे सगळे जीए म्हणतात. पण घरच्या या वेलाला थेंबभर औषध नाही. त्याची द्राक्षं बोराच्या बीएवढी, आत पुन्हा बिया, आणि आंबट म्हणजे डोळे मिटावेत इतकी. फेब्रुवारी उजाडला की काका वाटी घेऊन वर येत आणि मी गिळेपर्यंत समोर उभे राहत.

"कसं हाय?"

"गोड आहे."

"खोटं बोलता मास्तर. आंबट हाय. पण प्रामाणिक हाय."

मग ठरलेलं व्याख्यान. "बागेतला वेल बघा. मणी फुगवायचा, खोडाची साल काढायची, वर्षातून दोनदा छाटायचा. बारा वर्षांत पार म्हातारा. ह्याला कोणी हात लावला नाय, हा माझ्या मागं राहील. माल बघायला सगळे येतात हो. वेलाला कोण विचारतं?" हे शेवटचं वाक्य त्यांच्या तोंडी सतत असे. मी ते त्यांच्या पाठीमागे मित्रांना नक्कल करून दाखवायचो.

कॉम्प्युटर मी दोन हजार साली घेतला. जुनाच, सुटे भाग जोडून केलेला. संध्याकाळी क्लासवरून आलं की मी गेम लावून बसे. तिसऱ्या की चौथ्या दिवशी गोळीबाराचा आवाज ऐकून काका धापा टाकत वर आले.

"कोण मेलं?"

"कोणी नाही काका, गेम आहे."

ते दारातच उभे राहून पडद्याकडे बघू लागले. एका खाणींच्या ग्रहावर लढणारे सैनिक होते. त्यांना काचेच्या टाकीत वाढवतात, पाठीत नळ्या घालून औषध भरतात आणि सात फुटांचे करतात. मी हे सहज सांगितलं. काकांनी खुर्ची ओढली.

"कितव्या वर्षी देतात औषध?"

"दहा-बाराव्या, वाटतं."

"आणि जगतात किती?"

खेळताना असलं काही कोण विचारतं? सैनिक मेला की मी बटण दाबून पुन्हा उभा करत होतो.

त्या दिवसापासून काका रोज संध्याकाळी येऊ लागले. गोळीबारात त्यांना काडीचा रस नव्हता. लढाई सुरू झाली की ते खिडकीतून वेलाकडे बघत बसत. मधे गोष्ट सांगणारी चित्रं आली की भिंग काढून पडद्याला नाक लावत. मी क्लासमधून रद्दी कागद आणत असे, एका बाजूला छापलेले. क्लासच्या प्रिंटरची एक सुई मोडलेली होती, त्यामुळे प्रत्येक ओळीतून एक बारीक पांढरी रेघ जायची आणि निम्मी छपाई वाया. ते कागद टाचून काकांनी कोऱ्या बाजूने वही केली. तिच्यात रकाने पाडले. खेळाचं नाव. औषध केव्हा दिलं. आधीची उंची, नंतरची उंची. शेवट.

मी नवा गेम आणला की वहीत नवी ओळ. शेवटचा रकाना मात्र त्यांना कधीच समाधान देत नसे. "लढाईत गेला." "बर्फात ठेवला." "गेम संपला."

"गेम संपला म्हणजे माणूस संपला असं नाय ना मास्तर. लढाई झाली, घरी आला, पुढं? गुडघे दुखतात का? छातीत काय होतं का? ह्या कंपनीवाल्यांनी कोणाला म्हातारा होऊनच दिला नाय."

मला हसू यायचं. पण खोटं कशाला बोलू, हा माणूस संध्याकाळी आला नाही तर मला चुकल्यासारखं व्हायचं.

त्यांचा मुलगा बाळू. नाव बाळू आणि उंची सहा फूट दोन इंच. ट्रॅफिक पोलीस. ड्यूटी बहुतेक द्वारका चौकात. चारी बाजूंनी ट्रक, एसट्या, रिक्षा अंगावर येतायत आणि मधे तो असा उभा की शंभर पावलांवरून टोपी दिसावी. मी त्याला दादा म्हणत असे. राहायचा आईवडिलांजवळच, स्वभावाने सरळ, जेवायला बसला की काकूंची पोळ्या लाटताना त्रेधा उडायची.

काका मला महिन्यातून दोनदा तरी स्कूटरवरून द्वारकेला न्यायला लावत. मुलाला भेटायला नाही, नुसतं बघायला. चौकाच्या कडेला चहाच्या टपरीआड उभे राहत.

"तुमची नजर चांगली हाय. बघा बरं, धाप लागतीय का?"

"शिट्टी वाजवतायत काका, धाप कसली?"

"घाम किती पुसला मोजा."

मला वाटायचं, एकुलता एक मुलगा, बापाचा जीव आहे. त्यापलीकडे विचार करण्याइतकी अक्कल मला नव्हती.

एका गेममध्ये एकदा एक वाक्य आलं. टाकीतल्या सैनिकांचं शरीर लवकर झिजतं, विशीत ते चाळिशीचे दिसतात. मी ते मराठीत सांगितलं. काकांच्या हातातला चहा तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून वर आले, ऑफिसला आल्यासारखे.

"मास्तर, कंपनीला पत्र टाकायचं. ज्यांनी सैनिक केले त्यांना आयुष्य माहीत पाहिजे. माल विकता तर वेलाचं सांगा म्हणावं. घ्या लिहून."

आणि त्यांनी उभ्यानेच सांगितलं, "महोदय, विषय, आपल्या खेळातील सैनिकांच्या आयुर्मानाबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, औषधाद्वारे उंची वाढविलेल्या इसमांचे सरासरी आयुष्य किती, तसेच अखेरीस त्रास होतो किंवा कसे, याबाबत खुलासा व्हावा." मी त्याचं इंग्रजी केलं आणि सायबर कॅफेतून ईमेल केला. उत्तर येणार नाही हे मला पक्कं माहीत होतं.

उत्तर आलं नाही. काका मात्र रोज जिन्याच्या तोंडाशी उभे. "टपाल?" मी मान हलवायचो. एक महिना गेला, दुसरा गेला. "टपाल?" मी क्लासमध्ये पोरांना शिकवून डोकं उठलेलं घेऊन यायचो आणि समोर हे. शेवटी एके दुपारी क्लासमध्ये कोणी नसताना मी बसलो आणि कंपनीच्या वतीने स्वतःच उत्तर छापलं.

आधी लिहिलं पंचाहत्तर. मग वाटलं, यात काय मजा? पटणारही नाही. ते खोडून चाळीस केलं. अशा सैनिकांचं सरासरी आयुष्य चाळीस वर्षं. त्यानंतर हृदय साथ देत नाही. त्रास होत नाही. आपल्या जिज्ञासेबद्दल आभार. झाल्या चार ओळी. मला त्या चांगल्या जमल्यासारख्या वाटल्या, हे लिहिताना आज लाज वाटते.

संध्याकाळी कागद त्यांच्या हातात दिला. "कॅफेवाल्याने छापून दिला," असं वर सांगितलं. तसं सांगायची काही गरज नव्हती. खोटं बोलणारा माणूस गरज नसलेलं एक खोटं जास्तच बोलतो.

काकांनी मला मराठीत वाचून दाखवायला सांगितलं. मग पुन्हा एकदा. मग कागद हातात घेऊन भिंगातून वरपासून खालपर्यंत बघितला.

"हृदय म्हणजे हार्टच ना?"

"हो."

"त्रास नाय होत म्हणतात."

"नाही होत, असं लिहिलंय."

त्यांनी घडी घातली, भिंगामागे खिशात ठेवली आणि भिंतीला हात लावत जिना उतरले. त्यानंतर ते माझ्या खोलीत गेम बघायला कधी आले नाहीत.

मला आधी सुटल्यासारखं वाटलं. मग दोन आठवड्यांनी खालून आरडाओरडा ऐकू आला. त्या घरात कधी कोणी आवाज चढवत नसे. बाळूदादाचं लग्न जमत आलं होतं. वणीची मुलगी, शाळेत शिक्षिका. दोघांनी एकमेकांना पसंत केलेलं, नुसती सुपारी फुटायची बाकी होती. आणि काका एकटे एसटीने वणीला जाऊन मुलीच्या वडिलांना सांगून आले होते की, आमच्या मुलाच्या तब्येतीची खात्री नाही, तुमच्या मुलीचं नुकसान करू नका.

"कसली तब्येत?" दादा विचारत होता. "मला काय झालंय? सांगा ना, काय झालंय मला?"

काका अंगणात वेलापाशी जाऊन उभे राहिले. दादाने त्या आठवड्यात पोलीस लाइनीत खोली घेतली आणि सामान हलवलं. पोरीकडच्यांनी महिन्याभरात दुसरं स्थळ बघितलं.

मी काकांना जिन्यात गाठलं. पायरीवर बसले होते, समोर वेल. मी काही विचारायच्या आत तेच बोलले.

"तेरा वर्षांचा होता. वर्गात सगळ्यांत बुटका. पोरं लय चिडवायची. मी आयुष्यभर चिडवून घेतलंय मास्तर, मला माहीत हाय ते. त्याला पोलिसात जायचं होतं. नाशकात एक डॉक्टर होते, आता नाहीत ते. इंजेक्शनं देतो म्हणाले, दीड वर्ष. मी म्हटलं, द्या. बागेत घड बुडवून यायचो आणि त्याच हातानं पोराला सायकलवर बसवून डॉक्टरकडं न्यायचो. कधी विचारलं नाय की पुढं काय. माल बघितला मी. वेलाला विचारलं नाय."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो.

"आत्ता एकोणतीस चालू हाय त्याला," काका म्हणाले. "अकरा वर्षं राहिली."

आता बोलायचं होतं. "काका, ते पत्र माझं आहे," एवढं एक वाक्य. माझ्या तोंडातून काय निघालं? "काका, अहो, गेम आहे तो. गेममधलं खरं नसतं."

"गेमच हाय. पण करणाऱ्यानं अभ्यास केला असेल ना काहीतरी."

मी उद्या सांगू म्हटलं. उद्या काकू समोर होत्या. परवा क्लासमध्ये परीक्षा होती. मग पुण्याची नोकरी आली आणि मी शेपूट घालून निघालो, याला दुसरा शब्द नाही. निघताना काकूंनी डब्यात भाकरी-ठेचा दिला आणि स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "माझे तिन्ही भाऊ चौकटीला डोकं आपटतात. पोरगं मामांवर गेलंय, हे मी ह्यांना पंधरा वर्षं सांगतेय. ऐकतील तर शपथ." म्हणजे त्या इंजेक्शनांनी काही झालंही नसेल. कोण जाणे. मी डबा घेतला. काका दारात आले, त्यांनी माझा हात हातात घेतला आणि घड्याळाकडे बघितलं.

"शंभरच्या वर हाय," म्हणाले. "एवढं काय झालं मास्तर?"

तीच शेवटची भेट. पुढची सहा-सात वर्षं मी पुण्यात राहिलो. काकांनी बागेत जीए देणं बंद केलं, त्यांची द्राक्षं व्यापारी घेईना आणि निफाडकडचे लोक हसतात, असं कुठूनतरी कळलं. मी दोनदा पत्र लिहायला बसलो. मग ते गेल्याचं कळलं.

त्यानंतरच्या वर्षी नाशकात कामाने आलो होतो. मोटरसायकल घेऊन द्वारकेला सिग्नलला थांबलो तर मधे टोपी. बदल्या होत होत बाळूदादा पुन्हा तिथेच आला होता. कानाजवळ केस पिकलेले. त्याने मला ओळखलं, जोडीदाराला हाताने खूण केली आणि काकांच्याच त्या टपरीवर मला घेऊन गेला.

"लग्न?" मी विचारलं.

"नाही केलं." चहा ढवळत म्हणाला, "बाबांनी शेवटी सांगितलं सगळं. इंजेक्शनचं, तुझ्या गेमचं, पत्राचं. दवाखान्यात माझा हात धरून नाडी मोजत होते. नर्स म्हणाली, पेशंट कोण आहे नक्की?" तो थोडा हसला. "पत्र तू लिहिलेलं आहे हे त्यांना त्याच दिवशी कळलं होतं."

मी कप फळीवर ठेवला.

"तुमच्या क्लासच्या प्रिंटरची रेघ होती ना, अक्षरांतून जाणारी. त्यांची अख्खी वही तुझ्याच कागदांची. कॅफेतून म्हणालास, पण रेघ तीच."

"मग?" मी विचारलं. "मग त्यांनी विश्वास का ठेवला?"

"बाबा म्हणायचे, कंपनीनं काय कळवलं नाय. पण मास्तरनं ते सगळं वाचलेलं हाय, त्याला ठाऊक हाय. तोंडावर सांगवेना त्याला. लय चांगलं पोरगं. म्हणून कागदावर दिलं." त्याने कप खाली ठेवला. "कंपनीचं असतं तर कदाचित सोडून दिलं असतं त्यांनी. तुझं होतं म्हणून धरून बसले."

गाड्यांचे हॉर्न चालू होते. तो माझ्याकडे बघत होता, वरून खाली, लहान मुलाकडे बघावं तसा.

"मला छत्तीस पूर्ण झाली," तो म्हणाला. "डॉक्टरकडं जाऊन आलो, सगळं नीट आहे म्हणतात. तरी एकदा तुला विचारायचं होतं. कुठं वाचलं होतंस ते चाळीस?"

या वेळी मी उद्यावर टाकलं नाही. "कुठेच नाही, दादा. आधी पंचाहत्तर लिहिलं होतं. मजा वाटेना, म्हणून चाळीस केलं."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने रुमाल काढून मान पुसली, एकदाच. टपरीवाल्याला दोन्ही चहांचे पैसे दिले, मला देऊ दिले नाहीत.

"पंचाहत्तर," तो म्हणाला. मग सुटे पैसे खिशात टाकत, "वणीची ती तिथंच शिकवते अजून. दोन मुलं आहेत तिला."

टोपी नीट करून तो चौकाच्या मधे गेला. सिग्नल माझ्या बाजूला लालच होता. त्याने माझ्याकडे न बघता एक हात वर केला, आणि ट्रक, एसट्या, रिक्षा, सगळी द्वारका जागच्या जागी थांबली. दुसऱ्या हाताने त्याने मला जायची खूण केली. मी एकटा त्या मोकळ्या रस्त्यावरून निघालो. पलीकडे पोचेपर्यंत त्याचा हात वरच होता.